साडेसहाचं लॉनमोवर आणि कुंपणापलीकडची नाईट ड्युटी

या वेळचं एका वाचकमैत्रिणीचं पत्र जरा थोडक्यात करून देतेय, बाकी शब्द तिचेच आहेत.

"ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी या घरात आलो. पुढे-मागे मिळून बऱ्यापैकी लॉन आहे. आठवडाभर दोघंही कामावर, शनिवारी मुलीचे क्लास, त्यामुळे गवत कापायला रविवारची सकाळ एवढीच वेळ उरते. साडेसहाला मी पेट्रोलचं मशीन बाहेर काढते, ऊन वर यायच्या आत पाऊण तासात आटपतं, मग ट्रिमरने कडा आणि शेवटी वारा मारून कचरा उडवणाऱ्या ब्लोअरने साफसफाई. गेल्या रविवारी डावीकडची शेजारीण कुंपणापाशी आली, ती नाईट ड्युटी करते, आणि चार लोकांसमोर म्हणाली की पुढच्या वेळी थेट पोलिसांना फोन करणार, याला नियम असतात. मला तोंड कुठे लपवू असं झालं. नवरा म्हणतो जागा आपली, गवत आपलं, रात्री दहानंतर आवाज नको एवढाच काय तो नियम, दिवसाउजेडी कोण काय बोलणार. खरंच नियम असतो का आणि असला तर कुठे बघायचा? आणि आमच्या घरामागे जे राहतात त्यांच्याकडे माळी येतो तो आठवड्यातून तीनदा तासतासभर ब्लोअर चालवतो, त्याला कोणीच काही बोलत नाही, त्याचं काय? तुमची, कुंपणापाशी अडकलेली."

अगं कुंपणवाली (अगंतुगं करतेय, चालेल ना), आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. रविवारी साडेसहाला पेट्रोलचं मशीन चालू करणं बंद कर, या रविवारपासूनच. बऱ्याच ठिकाणी ते नियमात बसत नाही, आणि जिथे बसतं तिथेही तुझ्या बाजूने बोलणारा एक माणूस सापडणार नाही, नवरा सोडून. आणि नवऱ्याला सांग की रात्री दहाचा नियम बहुतेक लाउडस्पीकरवरून सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, बागेच्या मशीनला बऱ्याच गावांत वेगळी वेळ असते आणि ती संध्याकाळी आठलाच संपते कधीकधी.

तू कुठे राहतेस ते पत्रात लिहिलं नाहीस, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे, कारण या बाबतीत जगभर एक नियम नाहीच. अमेरिकेचंच घे, १९७२ साली आवाजावर मोठा केंद्रीय कायदा केला, त्यासाठी वेगळं ऑफिससुद्धा होतं, मग १९८२ च्या सुमारास त्या ऑफिसचा निधीच थांबवला आणि हा विषय राज्यं आणि शहरांवर सोडून दिला, त्यामुळे रस्त्याच्या या बाजूला एक शहर आणि त्या बाजूला दुसरं असलं तर दोघांच्या वेळा वेगळ्या असू शकतात. म्हणून "माझ्या बहिणीकडे चालतं" हे उत्तर धरू नकोस. तुझ्या पत्त्यावर कोणता नियम लागतो तेवढंच बघायचं.

ढोबळ मानाने मला हे नियम चार प्रकारचे दिसतात, आणि तुझा कुठला ते कळलं की निम्मं काम झालं.

पहिला घड्याळाचा. हा सगळ्यात सोपा, मशीनचं नाव आणि वेळ दिलेली असते, बाकी काही मोजायचं नाही. जर्मनीत २००२ पासून देशभर असा नियम आहे की वस्तीत लॉनमोवर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही, दिवसभर नाही, आणि बाकीच्या दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ नाही. म्हणजे तू तिथे असतीस तर साडेसहा सोड, रविवारच गेला. आणि ब्लोअरला त्याहून कडक, सकाळी ९ ते १ आणि दुपारी ३ ते ५ एवढंच, पर्यावरणाचं ठरावीक लेबल असलेलं मशीन असेल तर थोडी सूट. यावर गावागावांनी दुपारच्या विश्रांतीची वेळ वरून लावलेली असते ती वेगळीच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये रविवारी आणि सुट्टीला सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ८ च्या नंतर नाही, इतर दिवशी सकाळी ७ च्या आधी नाही, आणि तिथली कसोटी मला फार आवडते, शेजारच्या घरातल्या राहत्या खोलीत आवाज ऐकू येता कामा नये, संपला विषय. मीटर नको, आकडा नको, ऐकू आला का एवढंच.

दुसरा आकड्याचा. भारतात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. इथे तुझा नवरा उड्या मारेल की बघ, साडेसहा म्हणजे दिवस! थांब जरा. ५५ ही काही मोठी रक्कम नाहीये, दोन माणसं एकमेकांशी नेहमीच्या आवाजात बोलली तरी साधारण साठपर्यंत जातं, आणि पेट्रोलचं मोवर कुंपणापाशी त्याच्या कितीतरी वर असतं. तो ५५ सरासरीचा आकडा आहे हे खरं, एका क्षणाचा नाही, आणि मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त झालं तर लोकांना तक्रार करता येते असं नियमात लिहिलंय, रात्रीचे निर्बंध मोडले तर त्या १० चीही वाट बघायची गरज नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येतं, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०.

तिसऱ्या प्रकारात आकडाही नाही आणि वेळही नाही, "उपद्रव" एवढाच शब्द. ब्रिटनमध्ये गवत कापायची देशभराची ठरलेली वेळ अशी काही नाही, पण १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली एखाद्याचा आवाज उपद्रव ठरतोय असं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, वाटलं तर कौन्सिल नोटीस काढते, आणि ती मोडली की गुन्हा. किती वेळा, किती वेळ, कोणत्या वेळी, टाळता आलं असतं का, असं सगळं मिळून बघतात. तुला वाटेल हा सैल नियम आहे. मला उलट वाटतं, घड्याळाच्या नियमात "सात वाजून एक मिनिट झालं" असं म्हणून सुटता तरी येतं, इथे तसं सुटता येत नाही.

चौथा मशीनवरचा. काही शहरांनी पेट्रोलचा ब्लोअरच बंद केलाय, कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या छोट्या गावाने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी आणली होती, वॉशिंग्टन डी.सी.त १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचा ब्लोअर वापरताही येत नाही आणि विकताही येत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून नवीन छोट्या पेट्रोल इंजिनांवर गदा आणली, पण ते कारण मुख्यतः धुराचं, आणि बंधन नव्या मशीनच्या विक्रीवर, घरात पडलेलं जुनं वापरायला त्या कायद्याने मनाई नाही. ही गल्लत लोक फार करतात, विक्रीवरची बंदी वाचून शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडतात आणि तोंडघशी पडतात.

आता बघायचं कुठे. आधी नगरपालिका किंवा तुमच्याकडे जे काही स्थानिक ऑफिस असेल त्यांच्या नियमावलीत आवाजाचा भाग शोध, त्यात "पॉवर टूल्स" किंवा "बागकामाची यंत्रं" किंवा "घरगुती यंत्रं" अशा नावाने मजकूर असतो, लॉनमोवर हा शब्द असेलच असं नाही आणि इथेच बरेच जण "आमच्याकडे नियमच नाही" म्हणून परत फिरतात. वाचताना शनिवार, रविवार आणि सुट्टी यांची ओळ वेगळी आहे का बघ, घरमालकाने स्वतः केलेलं काम आणि पैसे घेऊन केलेलं काम यांना वेळा वेगळ्या आहेत का बघ (हे त्या मागच्या घरच्या माळ्यासाठी लागेल), आणि आवाज मोजायचा असेल तर कुठून, कुंपणावरून की समोरच्याच्या खिडकीतून, ते बघ. मग तुमच्या वस्तीची सोसायटी किंवा रहिवासी संघ असेल तर त्यांची नियमावली काढ, घर भाड्याचं असेल तर करारनामा. हे सगळे एकावर एक लागतात, त्यातला जो सगळ्यात कडक तो धरायचा, कारण पालिका आठला परवानगी देते म्हणून सोसायटीचा नऊचा नियम रद्द होत नाही. वाचून डोकं फिरलं तर ऑफिसला फोन कर, तातडीच्या नंबरवर नको, साध्या नंबरवर, आणि एकच प्रश्न विचार, "घरमालकाने रविवारी स्वतःचं गवत मशीनने किती ते किती कापायचं?" त्यांना हा प्रश्न सवयीचा असतो. उत्तर मिळालं की नियमाचा क्रमांक विचारून घे, फोनवरच्या माणसाचं मत आणि नियम या दोन गोष्टी असतात.

आता डेसिबलचा घोळ, कारण तुला उद्या नवीन मशीन घ्यावंसं वाटेल आणि दुकानदार तुला आकडे ऐकवेल. युरोपात २००० सालच्या निर्देशाप्रमाणे मोवर, ट्रिमर, ब्लोअर अशा मशीनवर एक स्टिकर लागतो, त्यावर भोंग्याचं चित्र, डेसिबलचा आकडा आणि एलडब्ल्यूए अशी अक्षरं. ५० सेंटिमीटरपर्यंत रुंदीच्या मोवरला तिथे मर्यादा ९६ आहे. आता ९६ म्हणजे शेजारणीच्या कानात ९६ असं नाही, तो मशीनमधून एकूण किती आवाज बाहेर पडतो त्याचा आकडा आहे, बल्बच्या वॅटसारखा. मोकळ्या जागेत त्याच मशीनचा आवाज १० मीटरवर साधारण ६८ भरतो, ५ मीटरवर ७४, २० मीटरवर ६२, अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात असं लक्षात ठेव, भिंती असतील तर आवाज परतून थोडा वाढतो. आणि अमेरिकेत ब्लोअरचा आकडा ५० फुटांवरून मोजलेला देतात, तिथे बऱ्याच शहरांच्या नियमात ६५ ही मर्यादा त्याच अंतराची असते. आता गंमत बघ, ९६ चा स्टिकर असलेलं मशीन ५० फुटांवर साधारण ६४ देईल. म्हणजे मशीन तेच, एका खोक्यावर ९६ आणि दुसऱ्यावर ६४, आणि गिऱ्हाईक म्हणतं वा, हे केवढं शांत! म्हणून आकडा कुठून मोजलाय ते विचारल्याशिवाय दोन मशीनची तुलनाच करू नकोस. एकाच पद्धतीचे आकडे असतील तर मात्र ३ ने कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, आणि १० ने कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा वाटतो.

तुझ्या मशीनचं हिशेबात बसवून बघ. तिची बेडरूम कुंपणापासून पाच-सहा मीटरवर असेल तर खिडकीबाहेर सत्तरच्या वर, उघड्या खिडकीने दहा-पंधरा कमी होतात, म्हणजे उशाशी कुणीतरी उभं राहून पाऊण तास सलग बोलतंय. त्यावर ट्रिमर, त्यावर ब्लोअर. पेट्रोलच्या ब्लोअरच्या आवाजात खालच्या पट्टीचा घरघराट बराच असतो आणि तो लांबवर जातो, बंद काचेलाही फारसा दाद देत नाही, म्हणून लोक मोवर सहन करतात आणि ब्लोअरवर उखडतात. तुझ्या कानाचंही सांगून ठेवते, ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी असा कामगारांच्या आरोग्याचा हिशेब असतो, म्हणजे ९४ ला एकच तास, आणि हातात धरलेलं पेट्रोलचं मशीन तिथे सहज पोचतं. कानावर आवाज अडवणारे मफ लाव. ते लावून वर "एवढा काही आवाज नाही" असं म्हणू नकोस म्हणजे झालं.

फोनवरचं आवाज मोजायचं अॅप घेतलंस तर अंदाजापुरतं ठीक आहे, कुंपणापाशी उभी राहून आधी आणि नंतर असा फरक बघायला छान, पण भांडणात ते पुरावा म्हणून नाचवू नकोस, समोरचीच्या फोनवर दुसरा आकडा येईल आणि मग दोन फोनांचं भांडण सुरू.

बरं, आता वेळेकडे येऊ, कारण तुझी खरी अडचण तीच आहे. पहाटे कापलं की ऊन लागत नाही हे तुझं बरोबर, पण गवताला विचारलंस तर तेही साडेसहाला नाही म्हणेल. दव असतं, ओलं गवत पात्याखाली नीट कापलं जात नाही, फाटतं, गोळे होऊन मशीनच्या पोटाला चिकटतं, इंजिनावर ताण येतो आणि ते आणखी ओरडतं. दव सुकल्यावर, म्हणजे साधारण नऊनंतर, तेच काम कमी वेळात होतं. किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आणि सगळं एकाच दिवशी कशाला? पुढचं एका संध्याकाळी वीस मिनिटं, मागचं दुसऱ्या दिवशी. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये असं बागवाले सांगतात, ते पाळलं आणि मशीनची उंची एक खाच वर ठेवली तर गवतही बरं राहतं आणि वाढ कमी असते त्या दिवसांत एखादी फेरी गाळूनही चालतं.

आणि हे ऐक, हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. तू मोवर चालवतेस तेव्हाच त्याने ट्रिमर चालवला तर आवाज दुप्पट होत नाही. सारख्या आवाजाची दोन मशीनं एकत्र लावली की फक्त ३ डेसिबल वाढतात, शेजारणीला तो फरक जेमतेम जाणवेल, पण एकामागून एक चालणारा दीड तासाचा गोंधळ पाऊण तासात संपेल. जागा आपली, गवत आपलं म्हणणाऱ्याने ट्रिमर हातात घ्यायला काय हरकत आहे. (आकड्याची मर्यादा असलेल्या गावात मात्र ते ३ सुद्धा मोजले जातात, तेवढं बघून.)

ब्लोअर तर मी सरळ काढूनच टाकीन म्हणते. पाऊण तासाच्या कापणीनंतर पायवाटेवरचं गवत खराट्याने पाच-सात मिनिटांत निघतं, आणि लॉनवर पडलेलं बारीक तसंच राहू दे, कुजून खतच होतं. अगदी वापरायचाच तर अर्ध्या जोरावर, फुल रेस कशाला लागते मला कधी कळलेलं नाही. मोवरची एकदा तपासणी कर, सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल तर निम्मं भांडण तिथेच आहे, पातं बोथट किंवा एका बाजूला जड झालं असेल तर सगळं मशीन थरथरतं, बोल्ट सैल असतात. पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढायची हं, विसरू नकोस. बॅटरीचं मशीन घेतलंस तर इंजिनाचा आणि धुराड्याचा आवाज जातो, पात्याचा वारा कापणारा आवाज राहतोच, त्यामुळे बॅटरीचं आहे म्हणून साडेसहाला चालेल असं मनात आणू नकोस, घड्याळाचा नियम बहुतेक ठिकाणी "यंत्र" म्हणतो, पेट्रोल म्हणत नाही. लॉन लहान असेल तर हाताने ढकलायचं रिळाचं मशीन बघ, त्याला मोटरच नाही, आवाज कात्रीसारखा, ते तू नियमाची चिंता न करता चालव. स्वतः फिरणारा रोबो येतो तोही शांत, पण रात्री सोडू नकोस, साळिंदरासारखे काटे असलेले छोटे हेजहॉग त्याखाली येतात म्हणून जर्मनीत कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्री रोबो चालवायला बंदी केली.

आता शेजारीण. इथे मात्र नियमाची वही मिटून ठेव, कारण सगळे नियम एक गोष्ट धरून चालतात की माणसं रात्री झोपतात आणि दिवसा जागी असतात. तिचं उलटं आहे. साडेसहाला ती कदाचित झोपलेलीही नसेल, नुकतीच पाठ टेकत असेल, आणि मी तुला वर जी नऊनंतरची शहाणी वेळ सांगितली ना, ती तिच्यासाठी ऐन मध्यरात्र असू शकते! म्हणजे तू नियम तंतोतंत पाळूनही तिची झोप मोडशील आणि ती काही करू शकणार नाही, आणि मग जे धुमसत राहील ते कुंपणाच्या दोन्ही बाजूंना. तिला विचारल्याशिवाय हे सुटणारच नाहीये. तिच्या कोणत्या दिवशी ड्युटी असते, किती ते किती झोपते, बेडरूम कुठल्या बाजूला आहे, एवढं कळलं की तुझं वेळापत्रक आपोआप बनतं, कदाचित तिला संध्याकाळी सहा ते सात हवं असेल, तिची कामावर जायची तयारी चालू असते तेव्हा.

कुंपणावरून मात्र बोलू नकोस, आणि मशीन चालू असताना तर नाहीच. मेसेज कर, काहीसा असा, "परवा तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, साडेसहाला मशीन लावायला नको होतं, या रविवारपासून लावणार नाही. तुमच्या झोपेच्या वेळा सांगितल्यात तर त्या सोडून कापेन, आठवड्यातून एकदाच आणि जास्तीत जास्त पाऊण तास लागतो." बस. त्यात "पण तुम्ही सगळ्यांसमोर बोलायला नको होतं" हे घालू नकोस, मला माहितेय तुला घालावंसं वाटतंय. ती चार लोकांसमोर बोलली हे चुकलंच तिचं, पण झोप न झालेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं आहे ते, पहिल्याच मेसेजमध्ये हिशेब नको. आणि तिने सांगितलेली वेळ तुझ्या गावच्या नियमातही बसायला हवी, नाहीतर तिला खूश करायला रात्री नऊला कापशील आणि उजवीकडचे फोन करतील.

पोलीस खरंच आले तर? घाबरू नकोस, घरगुती गवतकापणीसाठी पहिल्याच वेळी सहसा बंद करायला सांगतात किंवा ताकीद देतात, वाद न घालता बंद कर. न्यू साउथ वेल्समध्ये तर पद्धतच अशी आहे की आधी ताकीद, आणि त्यानंतर २८ दिवसांत पुन्हा केलं तर गुन्हा. ताकीद मिळाल्यावर दुसऱ्या रविवारी त्याच वेळी हट्टाने लावणारे लोक असतात, आणि दंड त्यांनाच होतो.

राहिला मागचा माळी. त्याला कोणी काही बोलत नाही यावरून तुझी केस सुटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर शेवटी लिहिलंस. पण तक्रार तुझी खरी आहे, आठवड्यातून तीन तास ब्लोअर म्हणजे खूपच झालं. माझा स्वतःचा अनुभव सांगते, मी एकदा अशीच तावातावाने ऑफिसला फोन केला होता, कुणाशी न बोलता. माणूस मीटर घेऊन आला तेव्हा मशीन केव्हाच बंद झालं होतं, तो म्हणाला वेळ काय, किती मिनिटं, कोणतं मशीन, आणि माझ्याकडे रागाशिवाय काहीच नव्हतं. तो गेला आणि त्या शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते मी घर बदलेपर्यंत. तर तू तसं करू नकोस. दोन आठवडे एका वहीत लिही, तारीख, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, ब्लोअर की ट्रिमर, आणि तुझ्या घरात कुठल्या खोलीत ऐकू येत होतं. मग नियमात पैसे घेऊन काम करणाऱ्यांची वेळ कोणती आहे ते बघ, काही ठिकाणी त्यांना घरमालकापेक्षा जास्त मोकळीक असते, काही ठिकाणी कमी, आणि जबाबदार कोण धरतात, मशीन चालवणारा की घराचा मालक, तेही बघ. वहीतलं एखादं पान नियमाबाहेर निघालं तर लेखी तक्रारीला तेवढं पुरतं.

पण त्याच्याही आधी मागच्या घरमालकाशी बोल, माळ्याशी नाही. माळ्याला जे सांगितलंय ते तो करतो, मालकाला बहुतेक वेळा माहीतच नसतं कारण त्या वेळी तो घरी नसतो. तीनऐवजी एक दिवस आणि बाकी दिवस खराटा, एवढंच मागून बघ, मिळण्यासारखं आहे. नंबर नसेल तर मालकाच्या नावाने चिठ्ठी लिहून दाराच्या पेटीत टाक, माळ्याच्या हातात मात्र देऊ नकोस, ब्लोअर चालू असला तर ती कुणाच्या अंगणात जाऊन पडेल सांगता येत नाही.